वारंवार बंद पडणारे ग्राफिक्स कार्ड : दोष कसा शोधावा?

संगणक एकदाच आणि कायमचा बंद पडला, तर त्यातील दोष शोधणे फारसे कठीण नसते. जो भाग निकामी झाला असेल तो तपासणीच्या वेळीही निकामीच असतो. तो काढून चांगला भाग बसविला की काम झाले. खरी अडचण येते ती अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाची. घरी अथवा ग्रंथालयात दिवसातून चार वेळा बंद पडणारा संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला, की तेथे तो तासन्‌तास बिनतक्रार चालतो. दुकानदार म्हणतो, यंत्रात दोष नाही. मालक म्हणतो, आहे. पुष्कळदा दोघांचेही म्हणणे खरे असते. दोष यंत्रात असतोच. परंतु तो प्रकट होण्यास जी परिस्थिती लागते, ती दुकानात नसते.

आजच्या संगणकात असा दोष ज्या भागाच्या माथी सहज मारला जातो, तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. खेळ खेळताना, चित्रफितीचे संपादन करताना किंवा इमारतीचा त्रिमित आराखडा पाहताना पडदा अकस्मात काळा होतो, चित्र गोठते, किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. ‘कार्ड गेले’ असा निर्णय लगेच दिला जातो. शक्तिशाली कार्ड हा संगणकातील अतिशय महाग भागांपैकी एक. त्यामुळे निर्णय चुकला तर भुर्दंडही मोठा बसतो. नवे कार्ड आणावे आणि जुना दोष तसाच राहावा, हा अनुभव शाळेला किंवा ग्रंथालयाला परवडणारा नाही. दोष जेथे दिसतो तेथेच तो असतो असे नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कार्ड का बंद पडते आणि त्यामागील खरे कारण कोणत्या क्रमाने शोधावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कार्डाचे कार्य

पडद्यावरील चित्र रंगीत बिंदूंचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडव्या रांगेत 1,920 आणि उभ्या रांगेत 1,080 बिंदू असतात; म्हणजे एकूण 20,73,600. हे चित्र सेकंदास 60 वेळा नव्याने काढावयाचे, तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी वेळा कोणत्या ना कोणत्या बिंदूचा रंग ठरवावा लागतो. ही गणिते एकसारखी, साधी, पण संख्येने अफाट असतात. संगणकाचा मुख्य प्रक्रियक हा अवघड प्रश्न एकामागून एक सोडविणाऱ्या पंडितासारखा आहे. ग्राफिक्स कार्डावरील प्रक्रियक हजारो कारकुनांच्या कचेरीसारखा आहे. प्रत्येक कारकून एकच सोपी बेरीज करतो, पण सारे एकाच वेळी करतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकालाही आकृत्या दाखविण्यासाठी कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. त्या यंत्रात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. 2022 मध्ये बाजारात आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या ‘आरटीएक्स 4090’ या कार्डावरील एकाच चिपेत 7,630 कोटी ट्रान्झिस्टर असून ते कार्ड 450 वॅटपर्यंत वीज घेते. प्रत्येक कार्ड इतके मोठे नसते. तथापि लहान कार्डातही कोट्यवधी सूक्ष्म घटक एकाच वेळी काम करीत असतात, आणि त्यांतील एकाचीही वेळ चुकली तरी गणित बिघडते. अशा यंत्राला तीन गोष्टी सतत मिळाव्या लागतात : उष्णतेला बाहेर जाण्याची वाट, स्थिर वीज आणि निर्दोष आज्ञा. या तिन्हींपैकी एक उणी पडली की कार्ड बंद पडते. चौथे कारण म्हणजे काळाने होणारी झीज.

लखनौची हवा

या चारही कारणांची परीक्षा पाहणारे शहर म्हणून लखनौचे उदाहरण घेता येईल. नागपूर, अकोला किंवा जळगाव येथील वाचकास कडक उन्हाळा परिचित आहेच. लखनौतही मे-जून महिन्यांत पारा कित्येक दिवस 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि काही दिवस 45 अंशांच्या आसपास पोहोचतो. ‘लू’ नावाचा कोरडा तप्त वारा वाहतो. पावसापूर्वी धुळीची अंधडे येतात. जूनच्या अखेरीपासून पाऊस सुरू होतो आणि हवा दमट होते. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते व रात्रीचे तापमान पुष्कळ खाली उतरते. गंगेच्या मैदानातील हे शहर समुद्रसपाटीपासून अवघ्या सव्वाशे मीटरांच्या आसपास उंच आहे. म्हणून उंचीचा गारवा तेथे नाही. एकच कार्ड जानेवारीत निर्वेध चालते आणि मे महिन्यात बंद पडते, यात नवल वाटण्याचे कारण नाही. बदललेले असते ते कार्ड नव्हे, तर त्याच्या भोवतालची हवा.

उष्णता

कार्डाला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. दोनशे वॅटचे कार्ड म्हणजे वहीएवढ्या जागेत शंभर वॅटचे जुने दोन दिवे सतत जळत ठेवण्यासारखे आहे. ही उष्णता चिपेवरून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून धातूच्या हीटसिंकमध्ये जाते, आणि तेथून पंख्याची हवा ती वाहून नेते. चिप सभोवतालच्या हवेपेक्षा किती तापेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : ती किती वीज घेते, आणि उष्णतेच्या वाटेत अडथळा किती आहे.

एक कल्पित हिशेब पाहू. स्वच्छ हीटसिंकचे कार्ड दर वॅटमागे 0.2 अंशाने तापते असे समजा. कार्ड 200 वॅट घेत असेल, तर चिप भोवतालच्या हवेहून 40 अंशांनी अधिक तापेल. कॅबिनेटच्या आतील हवा खोलीपेक्षा 8 अंशांनी उष्ण आहे असेही माना. जानेवारीत खोलीचे तापमान 16 अंश असेल, तर चिपेचे तापमान 16 + 8 + 40 म्हणजे 64 अंश होईल. मे महिन्यात खोली 42 अंशांवर असेल, तर ते 90 अंश होईल. आता हीटसिंकच्या पात्यांत धूळ बसून अडथळा दीडपट झाला, म्हणजे 0.3 अंश झाला, असे धरा. मग जानेवारीचे तापमान 84 अंश आणि मे महिन्याचे 110 अंश येते. बहुतेक चिपा 80 ते 95 अंशांच्या दरम्यान आपला वेग आपणच कमी करू लागतात, आणि त्याहून बरेच वर गेल्यास स्वतःस वाचविण्यासाठी बंद होतात. या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. धूळ जानेवारीतही होतीच. पण तेव्हा ती खपून गेली. उन्हाळ्याने दोष निर्माण केला नाही, त्याने तो उघड केला.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. तापमान दाखविणारी आज्ञावली बहुधा मुख्य चिपेचा आकडा ठळकपणे दाखविते. पण कार्डावर स्मृतीच्या चिपा आणि वीज नियंत्रित करणारे घटकही असतात, आणि ते स्वतंत्रपणे तापतात. मुख्य चिप 70 अंशांवर असतानाही स्मृतीची चिप मर्यादेबाहेर गेलेली असू शकते. म्हणून ‘तापमान ठीक आहे’ एवढ्यावरून उष्णतेचा संशय पूर्णपणे फिटत नाही.

उत्तर भारतात घरोघरी दिसणाऱ्या वाळ्याच्या अथवा गवताच्या ताट्यांच्या कूलरविषयीही दोन शब्द सांगणे इष्ट आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होते. पण हवा कोरडी असेल तरच बाष्पीभवन जलद होते. म्हणून लू वाहत असताना कूलर संगणकास उपकारक ठरतो, तर श्रावणात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडला, तर ओलसर हवेने धूळ पात्यांना चिकटून तिचा लेप बनतो आणि पाण्याचे क्षारयुक्त तुषार आत जाण्याचे भय असते. कूलर खोलीसाठी असावा, यंत्रासाठी नव्हे.

वीज

संगणकाच्या पाठीमागील ज्या पेटीला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती 230 व्होल्टची घरगुती वीज घेऊन कार्डाला 12 व्होल्टची एकदिश वीज देते. हा दाब पाच टक्क्यांहून अधिक बदलू नये असा दंडक आहे. म्हणजे तो 11.4 ते 12.6 व्होल्ट यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला 75 वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक लागल्यास वेगळ्या तारा जोडाव्या लागतात. सहा पिनांच्या जोडातून 75 वॅट आणि आठ पिनांच्या जोडातून 150 वॅट घेण्याची मुभा असते.

आता 300 वॅट घेणाऱ्या कार्डाचा विचार करू. 12 व्होल्ट दाबाने 300 वॅट द्यावयाचे म्हणजे 25 अँपिअर प्रवाह वाहिला पाहिजे. तारांत व जोडांत सैलपणामुळे किंवा गंजामुळे एकूण केवळ 0.02 ओहम रोध निर्माण झाला, तरी दाब अर्ध्या व्होल्टने घटून 11.5 वर येतो आणि साडेबारा वॅट उष्णता त्या तारांत व जोडांतच निर्माण होते. कार्ड स्वस्थ असताना प्रवाह अल्प असल्यामुळे यातले काहीच जाणवत नाही. भार येताच पडदा काळा होतो. 2022 च्या ऑक्टोबरात आरटीएक्स 4090 कार्डांच्या नव्या जोडांचे प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. जोड पूर्णपणे आत न बसविणे हे त्यामागील वारंवार आढळणारे कारण असल्याचे कंपनीने सांगितले, आणि पुढे 2023 मध्ये जोडाच्या रचनेतही सुधारणा करण्यात आली. जोड ‘बसला आहे’ आणि ‘पूर्ण बसला आहे’ यांतील अंतर दोन-तीन मिलिमीटरांचे असते.

दुसरी गोष्ट क्षणिक मागणीची. सरासरी 300 वॅट घेणारे कार्ड सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरते त्याच्या जवळजवळ दुप्पट वीज ओढू शकते. जुनी अथवा हलक्या प्रतीची एसएमपीएस पेटी हा झटका म्हणजे बिघाड समजून स्वतःच बंद होते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एटीएक्स 3.0 या मानकाने म्हणूनच अशी अट घातली की, पेटीने आपल्या अंकित क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. जुन्या पेटीवर नवे कार्ड चढविणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट घरातील विजेची. आपल्याकडील वीज सेकंदास 50 आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. पुरवठा तुटल्यास एसएमपीएस पेटी आपल्या संचित विजेवर पूर्ण भारासह साधारण 16 ते 17 मिलिसेकंद तग धरते. एका आवर्तनाहूनही कमी. घरगुती इनव्हर्टर साध्या रीतीवर ठेवला असेल, तर विजेवरून बॅटरीवर येण्यास त्याला याहून अधिक वेळ लागू शकतो. दिव्याची केवळ उघडझाप होते, पण संगणक पुन्हा सुरू होतो. बऱ्याच इनव्हर्टरांवर यासाठी ‘यूपीएस’ अशी निराळी कळ असते. काही स्वस्त इनव्हर्टर ज्या चौकोनी तरंगाची वीज देतात, तीही आधुनिक पेट्यांना मानवत नाही. कार्डाचा दोष म्हणून जे समजले जाते, ते पुष्कळदा भिंतीतील सॉकेटापाशी सुरू झालेले असते.

आज्ञावली

कार्ड आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामधील दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. विंडोज प्रणालीत, व्हिस्टा ही आवृत्ती आल्यापासून, एक पहारा बसविलेला आहे : दिलेल्या कामाबाबत कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर प्रणाली ते अडकले आहे असे समजून ड्रायव्हर बंद करते व पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होतो आणि ‘ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले होते’ अशा अर्थाची सूचना येते. ही सूचना रोगाचे नाव नव्हे. ते केवळ लक्षण आहे. ताप आला एवढे थर्मामीटर सांगते, हिवताप की विषमज्वर हे सांगत नाही, तसेच हे.

दोष खरोखर ड्रायव्हरचा असल्यास तो बहुधा एखादी नवी आवृत्ती बसविल्यानंतर सुरू झालेला असतो, आणि जुनी आवृत्ती परत बसविली की नाहीसा होतो. एकाच खेळात अथवा एकाच कार्यक्रमात कार्ड बंद पडत असेल आणि अन्यत्र तेवढ्याच भाराखाली चालत असेल, तर संशय त्या कार्यक्रमावर धरावा. आणखी एक प्रकार असा की, अधिक वेगाच्या हव्यासाने कार्डाची गती नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढविलेली असते. थंडीत ती गती पेलते, उन्हाळ्यात पेलत नाही.

झीज आणि गंज

चिप तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. तिला खालच्या पट्टीशी जोडणारे डाखाचे सूक्ष्म मणी प्रत्येक वेळी ताणले जातात. हजारो फेऱ्यांनंतर त्यांना तडा जातो. 2008 च्या जुलैत एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले की, लॅपटॉपमधील काही चिपांच्या बांधणीतील साहित्य दुर्बल ठरले असून भरपाईपोटी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले आहेत. अशी कार्डे भट्टीत तापवून ‘जिवंत’ करण्याची एक युक्ती तेव्हापासून सांगितली जाते. तिने तुटलेला जोड काही दिवस चिकटतो आणि पुन्हा सुटतो. शिवाय तापलेल्या कार्डातून अपायकारक वाफा निघतात. स्वयंपाकाच्या भट्टीत हा प्रयोग कोणीही करू नये.

याहून बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘टायटन’ महासंगणकाचे आहे. 2012 च्या नोव्हेंबरात हा जगातील सर्वांत वेगवान संगणक ठरला. त्यात 18,688 ग्राफिक्स प्रक्रियक होते. काही वर्षांनी ते मोठ्या संख्येने बंद पडू लागले आणि हजारो बदलावे लागले. शोध घेता असे आढळले की, दोष त्या प्रक्रियकांच्या अवाढव्य चिपांत नव्हता; तो त्यांच्या पट्टीवरील क्षुल्लक वाटणाऱ्या रोधकांत होता. हवेतील गंधकाची संयुगे रोधकांतील चांदीवर क्रिया करून तिला गंजवीत होती. तसेच कपाटांत थंड हवा खालून वर जात असल्यामुळे वरचे कप्पे अधिक तापत, आणि तेथील प्रक्रियक अधिक प्रमाणात निकामी होत. कोळसा, डिझेल यांचा धूर आणि उघडी गटारे यांतून गंधकाची संयुगे शहरांच्या हवेतही येतात. जेथे वातानुकूलन आणि तज्ज्ञ दोन्ही हाताशी होते, तेथेही दिसणारा दोष एका ठिकाणी आणि खरे कारण दुसऱ्या ठिकाणी होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

शोधाची रीत

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. सर्वप्रथम एक वही घ्यावी. कार्ड बंद पडले की तारीख, वेळ, खोलीचे तापमान, चालू असलेले काम, काम सुरू होऊन गेलेली मिनिटे आणि पडद्यावर काय दिसले, हे लिहावे. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही नोंदवही त्याच वेळी उघडून पाहावी. तीत 4101 क्रमांकाची नोंद असेल, तर ड्रायव्हरचा प्रतिसाद थांबला होता. केवळ 41 क्रमांकाची असेल, तर संगणक रीतसर बंद न होता अकस्मात थांबला होता, आणि संशय विजेकडे वळतो. आठवडाभराच्या नोंदींतून पुढील प्रकारचे भेद दिसू लागतात.

(1) काम सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी, आणि दुपारी अधिक वेळा, बंद पडणे : उष्णता.

(2) भार पडताक्षणी संगणक एकदम पुन्हा सुरू होणे : एसएमपीएस, तारा किंवा जोड.

(3) वीज जाताना-येताना, किंवा शेजारचा पंप सुरू होताना बंद पडणे : घरातील वीज अथवा इनव्हर्टर.

(4) पडदा काळा होऊन परत येणे, तेही एखाद्याच कार्यक्रमात : ड्रायव्हर अथवा तो कार्यक्रम.

(5) कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर रंगीत चौकडे, रेषा वा ठिपके दिसणे : कार्डाची स्मृती किंवा चिप, क्वचित पडद्याची तार.

यानंतर उपाय करावयाचे ते स्वस्ताकडून महागाकडे, आणि एका वेळी एकच. प्रथम पडद्याची तार बदलून पाहावी. मग संगणक बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. लखनौच्या कोरड्या दिवसांत ही काळजी विशेष घ्यावी. मऊ ब्रश व ब्लोअर यांनी धूळ काढावी. त्या वेळी कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत, कारण झोताने ते बेफाम फिरले तर त्यांचे बेअरिंग खराब होते. कार्ड खाचेतून काढून पुन्हा घट्ट बसवावे. विजेचे जोड पूर्ण आत गेले आहेत की नाही हे पाहावे, आणि कार्डावर दोन जोड असतील तर एकाच तारेच्या दोन शेपट्या न लावता दोन स्वतंत्र तारा लावाव्यात. एसएमपीएस पेटी मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या संधारित्रांत घातक दाब राहतो.

याने गुण आला नाही, तर वाढविलेली गती पूर्ववत करावी आणि ड्रायव्हर पूर्णपणे काढून नव्याने बसवावा. मग कार्डाची वीजमर्यादा आज्ञावलीतून 80 टक्क्यांवर आणून पाहावी. एवढ्याने कार्ड स्थिर झाले, तर त्याचे गणित बहुधा शाबूत आहे. उष्णता किंवा वीज यांपैकी एकात दोष आहे. त्यांतील कोणते, हे कॅबिनेटची बाजू उघडून टेबलपंखा लावल्यास कळते : पंख्याने सुधारणा झाली तर उष्णता, न झाली तर वीज.

निर्णायक परीक्षा अदलाबदलीची. शाळेत दोन संगणक असतील, तर संशयित कार्ड दुसऱ्या संगणकात आणि तेथले कार्ड पहिल्यात बसवावे. मात्र दुसऱ्या संगणकाची पेटी तेवढी वीज पुरवू शकते याची खात्री आधी करावी. दोष कार्डाबरोबर गेला, तर कार्ड दोषी; दोष जुन्याच जागी राहिला, तर कार्ड निर्दोष. ही परीक्षा दोन्ही बाजूंनी करणे अगत्याचे आहे, कारण एकच बाजू पाहिल्यास योगायोगाने फसगत होते. लखनौत हजरतगंज परिसरातील नाझा मार्केटसारख्या संगणकांच्या बाजारपेठेत कार्ड तपासणीस नेताना ही वही बरोबर न्यावी. दुकानाच्या गार हवेत दहा मिनिटे चाललेले कार्ड काहीच सिद्ध करीत नाही. ‘दुपारी तीन वाजता, 41 अंशांच्या खोलीत, पंचवीस मिनिटांनी’ ही नोंद मात्र कारागिराला दोष पुन्हा निर्माण करण्याची वाट दाखविते.

किती वेळ थांबावे?

उपाय केला आणि तासभर कार्ड बंद पडले नाही, म्हणजे दोष गेला काय? जो दोष सरासरीने तासातून एकदा, पण अनियमितपणे उद्भवतो, त्याचा विचार करा. संभाव्यतेच्या गणितानुसार काहीही उपाय न करताच एखादा तास निर्विघ्न जाण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. म्हणजे तीनांपैकी एकाहून अधिक वेळा निरुपयोगी उपायही गुणकारी भासेल. सलग तीन तास निर्विघ्न जाण्याची शक्यता मात्र केवळ 5 टक्के. म्हणून नियम असा : दोष जितक्या अंतराने उद्भवत असे, त्याच्या निदान तिप्पट काळ, त्याच भाराखाली आणि तितक्याच उष्ण खोलीत, वाट पाहावी. सायंकाळी गारव्यात घेतलेली परीक्षा दुपारच्या दोषाबद्दल काही सांगत नाही. दोन उपाय एकदम केले आणि दोष गेला, तर कोणत्या उपायाने गेला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

अखेरचा निर्णय

बंद पडणारे कार्ड त्रासदायक असते. पण त्याहून घातक असते ते बंद न पडता चुकीचे उत्तर देणारे कार्ड. ग्राफिक्स प्रक्रियक आज केवळ चित्रे काढीत नाहीत. हवामानाची आणि औषधी रेणूंची गणिते त्यांच्यावर केली जातात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक अशाच प्रक्रियकांवर उभारलेला असून 2020 च्या नोव्हेंबरात जगातील पाचशे बलाढ्य संगणकांच्या यादीत तो 63 वा होता. अशा गणितात तापलेल्या स्मृतीने एक अंक बदलला, तर पडदा काळा होत नाही. निष्कर्ष तेवढा चुकतो. म्हणून मोठ्या संगणकांतील स्मृतीत चूक ओळखून सुधारण्याची योजना असते. घरगुती कार्डांत ती सहसा पूर्ण स्वरूपात नसते. त्या दृष्टीने पाहता, बंद पडणे ही यंत्राने दिलेली प्रामाणिक सूचनाच म्हणावी लागेल.

सर्व परीक्षांनंतर कार्डच दोषी ठरले, तर प्रथम हमीची मुदत पाहावी. मुदत असेल तर हीटसिंक उघडण्यापूर्वीच कंपनीकडे जावे. मुदत संपली असेल, तर कोरडी पडलेली थर्मल पेस्ट किंवा अडकलेला पंखा बदलून कार्ड पुष्कळदा आणखी काही वर्षे चालते. तेही साधले नाही, तर कार्ड भंगारवाल्यास न देता इ-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रावर द्यावे. लखनौच्याच राज्यात, मुरादाबाद येथे, रामगंगेच्या काठी अशा पट्ट्या जाळून व अम्लात धुऊन धातू काढले जात असल्याचे उघडकीस आलेले आहे. त्यातून शिसे व अन्य विषारी द्रव्ये नदीच्या वाळूत उतरली. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या इ-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. पण कचरा योग्य हाती पोहोचविणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. घाईने दोषी ठरविलेले प्रत्येक निर्दोष कार्ड या ढिगात निष्कारण भर घालते. एक वही, एक ब्रश आणि थोडा धीर यांच्या साह्याने ते टाळणे बहुतेकांस शक्य आहे.